गरीब गाय म्हणवणारी घोडी

चाळिशी ओलांडली की लोक मॅरेथॉन पळतात, मला घोड्यावर बसायचं सुचलं. पुण्याबाहेर पाऊण तासावर एक क्लब आहे, नाव घेत नाही, का ते पुढे कळेलच. शनिवार-रविवार पहाटे सहाला गाडी काढायची, नवरा कूस बदलून म्हणायचा, "येताना दूध आण, पण घोड्यावर बसून येऊ नकोस, सावकाश ये."

तिथे नवशिक्यांना जी घोडी देतात तिचं नाव राणी. कुमेत रंग, कपाळावर चांदणी, वय चौदा. तबेल्यातले मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, हिच्यावर बिनघोर बसा. चावत नाय, लाथ मारत नाय, बुजत नाय. गरीब गाय आहे." आणि खरंच तशीच. शाळेच्या सहलीतली पोरं आली की एकामागून एक दहा जण तिच्यावर बसायचे, कुणी आयाळ ओढायचं, कुणी पोटात टाच मारायचं, ही ढिम्म. बाकीचे घोडे खोलीच्या अर्ध्या दरवाजावरून मान बाहेर काढून उभे असायचे, बादली वाजली की खिंकाळायचे, शेजाऱ्यावर रागाने कान मागे टाकायचे. राणी मागच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे, मान पाठीच्या रेषेत. मला ती ध्यानस्थ वगैरे वाटायची. मी इन्स्टावर फोटो पण टाकला होता, खाली लिहिलं होतं 'माझी शांत मैत्रीण'. आता तो फोटो बघवत नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे त्यामुळे मला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नाही, हा दोष समजा किंवा धंद्याची खोड. बहीण नर्स आहे, तिचा जुना स्टेथोस्कोप घरात पडून होता, तो एका रविवारी घेऊन गेले. घोड्याचं हृदय ऐकायचं तर डाव्या पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप आत सरकवून दाबायचा. स्टेथोस्कोप नसला तरी चालतं, जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं फिरवली की दोरीसारखी एक शीर लागते, ती बोटाखाली सरकते, हलकं दाबलं की नाडी मिळते. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. मोठ्या निरोगी घोड्याचे विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके पडतात, माणसाच्या निम्मेच म्हणा, आणि पूर्ण जोरात पळताना तेच २२०-२४० पर्यंत जातात. म्हणजे इंजिन केवढं आहे बघा.

त्या दिवशी संध्याकाळची वेळ होती, कुणी नव्हतं, मी कानात नळ्या घालून उभी आणि ऐकतेय, धप्प-धप्प, धप्प-धप्प, धप्प-धप्प… आणि मग काहीच नाही. एवढा मोठा गॅप की माझ्याच पोटात गोळा आला. मग परत सुरू. तीन-चार ठोके पडले की परत एक गायब. मी सरळ क्लबच्या घोड्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, रविवार संध्याकाळ, ते बिचारे मुलाच्या वाढदिवसात, मागून 'हॅपी बर्थडे' ऐकू येतंय आणि मी ओरडतेय की राणीचं हार्ट थांबतंय. ते हसायलाच लागले. म्हणाले, अहो मॅडम, निवांत घोड्याचं हृदय असंच असतं, शांत असला की मेंदूकडून हृदयाला आवर घालणारी नस इतकी जोरात असते की वरच्या कप्प्याचा एखादा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही, आणि घोडा हलला, दचकला, पळाला की ते आपोआप नाहीसं होतं. हललं-पळलं तरी गेलं नाही किंवा लागोपाठ दोन-तीन ठोके चुकले तरच मला फोन करा.

म्हणजे आपल्याकडे घाबरलं की काळजाचा ठोका चुकतो, आणि घोड्याचा निवांत असला की चुकतो. हे मला इतकं आवडलं की त्या आठवड्यात ऑफिसात चार जणांना सांगून झालं. कुणालाही त्यात फारसा रस नव्हता.

मग वहीच केली. वेळ, काय चाललंय, ठोके, श्वास. श्वास मोजायला बरगडीच्या मागे, कुशीकडे बघायचं, मिनिटाला ८ ते १६ असतात. राणीचे संध्याकाळचे ठोके ३६, सकाळी चंदी (धान्याचा खुराक) खाऊन झाल्यावर ३८, खरारा करताना ३६. एकदम टेक्स्टबुक. आणि मग एका शनिवारी मी ऐकत असतानाच मामा खोगीर घेऊन आले. आतही आले नव्हते हं, दाराच्या फळीवर खोगीर टेकवलं फक्त, रिकिबीचा, म्हणजे पाय अडकवायच्या कडीचा, खणकन आवाज झाला. राणी हलली नाही. कान हलला नाही, शेपूट नाही, पाय नाही. आणि माझ्या कानात ठोके धपधपधपधप असे धावायला लागले, मोजले तर ६४.

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं, तीच गरीब गाय. फक्त नाकपुडीची वरची कड जराशी ताणलेली, आणि डोळ्याच्या वर एक सुरकुती, उलट्या व्ही सारखी, जी एरवी नसते की मी कधी बघितली नव्हती, माहीत नाही. आणि माझ्या लक्षात आलं की मी स्टेथोस्कोप लावलेली जागा म्हणजे खोगिराचा पट्टा, तंग, आवळतात तीच जागा. मामांनी तंग ओढला तेव्हा तिने श्वास धरून ठेवला. मी गेले पाच महिने त्या पाठीवर बसत होते.

तेव्हापासून मी वाचत सुटले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. घोड्याच्या चेहऱ्यावर लोकांनी एवढं काम केलंय हे मला माहीतच नव्हतं. २०१४ मध्ये मिलान विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खच्चीकरणाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर घोड्यांचे चेहरे बघून दुखण्याची एक मोजपट्टी बनवली, हॉर्स ग्रिमेस स्केल. सहाच गोष्टी बघायच्या, मागे ताठ झालेले कान, बारीक झालेला डोळा, डोळ्याच्या वरचा ताण, चावण्याचे स्नायू टरारलेले, ओठ घट्ट आणि हनुवटी पुढे आल्यासारखी, आणि ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येकाला ०, १ किंवा २. मुळात हे दुखण्यासाठी आहे, ताणासाठी नाही, पण मला राणीत बघायचं काय ते त्यातून कळलं. त्याआधी मी घोड्याच्या तोंडाकडे बघायचे म्हणजे 'किती गोड' एवढंच बघायचे.

पापण्यांचं तर मी घरी बसूनच करून बघितलं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ मध्ये मांडलं की ताणाखाली घोडा पूर्ण डोळा मिटणं कमी करतो, शांत असताना मिनिटाला आठ-नऊ वेळा मिटतो ते पाचेकावर येतं, आणि त्याऐवजी वरची पापणी नुसती फडफडते. त्यांच्या घोड्यांना त्यांनी काय केलं, तर एकटं ठेवलं, एकदम बॉल समोर आणून दचकवलं, आणि खायची वेळ झाली तरी खाणं अडवून धरलं. फडफड सगळ्यात जास्त कशात झाली तर खाणं न मिळण्यात. (आमच्याकडे पंगतीत वाढपी पुढून निघून गेला की आजोबांची पण व्हायची.) मी मोबाईलवर राणीचे एकेक मिनिटाचे व्हिडिओ काढले आणि पाव स्पीडवर बघत बसले. संध्याकाळी निवांत, ९. खोगीर दारावर असताना, ४, आणि पापणीची फडफड सात वेळा. एका घोडीचे चार व्हिडिओ म्हणजे काही सायन्स नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही, माझं कामच ते आहे. पण तीच घोडी, तीच वेळ, तोच कॅमेरा, फक्त खोगीर आहे किंवा नाही, एवढ्यावर मला काहीतरी कळत होतं. आणि त्यात माशा धरायच्या राहिल्या हे नंतर लक्षात आलं, पावसाळ्यात माशा एवढ्या असतात की पापणी फडफडणारच, ते दोन व्हिडिओ बाद केले.

मग साहजिकच डोक्यात कॉर्टिसॉल आलं. सगळे तेच म्हणतात ना, स्ट्रेस हार्मोन. म्हटलं लाळ घेऊन लॅबला पाठवू, एक आकडा येईल, क्लबवाल्यांच्या तोंडावर टाकू. डॉक्टर म्हणाले, आकडा येईल, अर्थ कोण लावणार? एक तर ते सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतं, म्हणजे सकाळी आठचा नमुना आणि संध्याकाळी सहाचा नमुना शेजारी ठेवता येत नाही. सुई टोचून रक्त घ्यायचं तर टोचण्यानेच वाढतं, म्हणून लाळ बरी. लिदीत जे सापडतं ते साधारण आदल्या दिवशीचं, केसात सापडतं ते आठवड्या-महिन्यांचं. बरं, नुसतं पळवलं तरी वाढतं, घोडा खुशीत उधळला तरी वाढतं. कॉर्टिसॉल सांगतं की काहीतरी घडतंय, ते चांगलं की वाईट हे ते सांगत नाही.

आणि त्याहून मोठी गंमत, गंमत कसली, मला ते वाचून गार वाटलं. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या गटाने रायडिंग स्कूलचे घोडे तपासले, आमच्या राणीसारखेच, रोज वेगवेगळी माणसं पाठीवर घेणारे. ज्यांची अवस्था वाईट होती त्यांच्या रक्तात आणि लिदीत कॉर्टिसॉल कमी निघालं. जास्त नाही, कमी. म्हणजे आपण लॅबला नमुना पाठवायचा, आकडा कमी यायचा, आणि सगळ्यांनी म्हणायचं बघा, घोडी कशी निवांत आहे. त्याच गटाने आणखी एक वर्णन केलंय, भिंतीकडे तोंड, मान पाठीच्या पातळीत ताणलेली, डोळे उघडे पण टक लावलेले, आसपास काय चाललंय त्याच्याशी देणंघेणं नाही. ते त्याला नैराश्यासारखी अवस्था म्हणतात. मी ते वाचलं आणि तो इन्स्टाचा फोटो उघडला.

मामांना हे सगळं सांगायला गेले तर ते तोबरा, म्हणजे चंदी खायची पिशवी, धूत होते. मी बोलत होते मिलान, ग्वेल्फ, रेन, ते ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, ती रात्रीची आडवी होत नाय." म्हटलं तुम्हाला कसं कळलं, तुम्ही रात्री इथे नसता. म्हणाले, "सकाळी अंगाला भुसा लागलेला नसतो ना. बाकीच्यांना बघा, खरारा करताना कुशीवरून भुसा निघतो, शेण निघतं. हिचं अंग धुतल्यासारखं. साहेब म्हणतात किती स्वच्छ घोडी." घोडा उभ्याने डुलकी घेतो हे शाळेत शिकलोय आपण, पण स्वप्नं पडणारी जी गाढ झोप असते ती त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही, रोज अर्धा तास तरी लागते, आणि जीव धास्तावलेला असला किंवा अंग दुखत असलं की तो आडवाच होत नाही. काही घोडे मग उभ्या उभ्या गुडघ्यात कोसळतात. मी राणीच्या पुढच्या पायांचे गुडघे बघितले, पुढून केस गेलेले, जुने व्रण. पाच महिने तेच पाय धुतले होते की मी.

आता हे मामा सारंगखेड्याकडचे, तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो तिथले, लहानपणापासून घोड्यात वाढलेले. ते म्हणतात बाजारात माणूस देवमण कुठे आणि भोवरा कुठे (केसांचे हे भोवरे शुभ-अशुभ मानतात) हे आधी बघतो, मग चाल, मग दात, मग पैसे. डोळ्याकडे कोण बघतं. मी विचारलं, मग तुम्ही हे आधी का नाही बोललात? त्यावर ते काही बोलले नाहीत, तोबरा पिळला आणि वाळत घातला. नोकरी आहे माणसाची. मला असला प्रश्न विचारायला नको होता.

एक मात्र सांगते, हे डोक्यात बसलं की माणूस सगळीकडे ताणच बघायला लागतो आणि ते पण चूक. दिवाळीत माथेरानला गेलो होतो, गाड्या दस्तुरी नाक्याला सोडायच्या, पुढे पायी नाहीतर घोडा किंवा ई-रिक्षा. तिथे एक घोडा मागचा एक पाय दुमडून, खालचा ओठ लोंबवून, डोळे अर्धे मिटून उभा. मी लगेच नवऱ्याला म्हटलं बघ बिचारा. घोडेवाला म्हणाला, "झोपलाय तो, आत्ता दोन फेऱ्या करून आलाय." आणि बरोबर होता तो. एक मागचा पाय सैल सोडणं म्हणजे आराम. पुढचा पाय सारखा उचलत असेल, वजन इकडून तिकडे टाकत असेल तर दुखणं. मग उतारावर पेव्हर ब्लॉकवरून तेच घोडे खाली येताना बघा, नाल घसरतो, मान वर, पाठ ताठ, कान मिनिटाला वीस वेळा इकडे तिकडे. तो ताण. जांभई, चघळणं, डोळ्याचा पांढरा भाग, यातलं एकेकटं काहीच सांगत नाही, काही घोड्यांचा पांढरा भाग जन्मतःच दिसतो. त्या घोड्याचं एरवीचं कसं असतं ते माहीत नसेल तर सगळं व्यर्थ आहे.

वरातीतल्या घोडीबद्दल मात्र मला कुठली वही लागत नाही. डीजेची भिंत पुढे, मागे फटाके, वर नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात करवली. घोड्याला आपल्यापेक्षा वरचे आवाज ऐकू येतात, आपलं वीस हजार हर्ट्झला संपतं, त्याचं तेहतीस हजारापर्यंत जातं. आणि लोक म्हणतात काय सुंदर नाचते. पाय नाचतात, तिला पळायचंय आणि लगाम पळू देत नाहीये. काट्यांचा लगाम तर १९६५ च्या नियमांपासून बंद आहे कागदावर. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात मी यावरून बोलले, काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तर राणी. डॉक्टर येऊन बघून गेले. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी नुसती बोटं फिरवली आणि आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या मागे बोट आलं तशी पाठ खाली गेली, कातडी थरथरली. खोगीर उलटं करून बघितलं तर आतली भरण एका बाजूला बसून दगड झालेली. त्यांनी मला मैत्रिणीकडून माझाच रायडिंगचा व्हिडिओ काढून घ्यायला सांगितलं. इंग्लंडच्या स्यू डायसन म्हणून घोड्यांच्या डॉक्टर आहेत, त्यांनी पाठीवर माणूस असताना बघायच्या २४ गोष्टींची यादी केलीये, कान पाच सेकंदांहून जास्त मागे, तोंड दहा सेकंद उघडं, शेपूट सारखी झटकणं, असं सगळं, आणि त्यातल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता चांगलीच. मला व्हिडिओत ११ सापडल्या. त्यातल्या दोन-तीन माझ्या बसण्याने होत्या, मी लगाम धरून लोंबकळते, हे पण त्या व्हिडिओत स्पष्ट दिसलं. शिक्षक गेले पाच महिने तेच ओरडत होते.

दुसरं खाण्याचं. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होतं, खाल्लं तर नि न खाल्लं तरी, आणि त्याला थोपवणारी लाळ मात्र चावलं तरच सुटते. मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो. क्लबवर सकाळी सातला चंदी, संध्याकाळी पाचला चंदी, वाळलं गवत रात्री एकदा, मधले तास तोंड रिकामं. मी पैसे देते म्हटलं, दुपारचं गवत राणीच्या जाळीत टाका, त्यावर क्लबने 'एकीला दिलं तर सगळे मागतील' असं सांगितलं. कोण मागतील, घोडे? महिनाभर घोळ घातला. शेवटी जुन्या मेंबरांपैकी एका काकांनी शब्द टाकला तेव्हा हललं, गवत पण आणि खोगिराची भरण पण. सहा आठवडे तिच्यावर कुणी बसायचं नाही हे मात्र त्यांना फार जड गेलं, शनिवारच्या सहलींचं बुकिंग होतं.

आठ आठवड्यांनी राणीने एका मुलाची टोपी पळवली. त्यानंतर बादलीवरून शेजारच्या घोड्यावर कान टाकून दात दाखवले. मामा सोडून दुसऱ्या कुणी तंग ओढला की मान वळवून त्याच्या हाताकडे बघते, म्हणजे काय बघते, सांगते. क्लबने मला रीतसर बोलावून ऐकवलं की मॅडम तुमच्या लाडामुळे घोडी बिघडली, पूर्वी किती शांत होती, आता नवशिक्यांना देता येत नाही. मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही.

मागच्या रविवारी संध्याकाळी गेले होते. राणी दारात होती, मान बाहेर. मामांनी खरारा करताना कुशीवरून मूठभर भुसा झाडला आणि न बोलता माझ्याकडे बघितलं. मग मीच खोगीर आणलं, दाराच्या फळीवर टेकवलं, रिकीब वाजली तशी वाजू दिली, आणि स्टेथोस्कोप आत सरकवला. ४४. थोड्या वेळाने ४०. मी तशीच वाकून उभी, कंबर भरून आलेली, बाहेर कुणाची तरी बुलेट सुरू झाली आणि गेली. धप्प-धप्प, धप्प-धप्प, धप्प-धप्प…

आणि मग एक ठोका आलाच नाही.

मी हसले बहुतेक, कारण तिने मान वळवून माझी बाही धरली आणि ओढली, नवा कुर्ता होता.